साडूच्या कुत्र्याच्या मेंदूचा फोटो

आमच्या नात्यागोत्यात आजवर एकाच्याच मेंदूचा रंगीत फोटो निघाला आहे, आणि तो माझ्या साडूचा कुत्रा आहे.

साडू म्हणजे डोंगरकड्याचे वसंतराव, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी हिंगोलीच्या बाजारात हळदीची पोती उचलण्यापासून सुरुवात केली आणि स्वतःची आडत उभी केली. वसंतरावांनी आयुष्यात उचलला तो फक्त चहाचा कप. तरी सासरवाडीत गादी त्यांना आणि प्लॅस्टिकची खुर्ची मला! (तिचाही एक पाय अधू.)

तर मागच्या हिवाळ्यात बायकोची भाची पल्लवी आमच्याकडे आली. ती जनावरांची डॉक्टर. आता कुत्र्यांच्या डोक्यात काय चालतं यावर संशोधन करते.

"मामा, मेंदूत सेरोटोनिन म्हणून एक द्रव्य असतं. राग, भीती, यांच्याशी त्याचा संबंध आहे. कुत्र्याला गुंगी देऊन एक औषध टोचायचं. सेरोटोनिनचं काम जिथं चालतं, तिथं ते जाऊन चिकटतं. मग मशीन त्याचा फोटो काढते."

"डोकं न उघडता?"

"न उघडता."

मी थक्क झालो. आम्हाला आतला रंग बघायला हळकुंड मोडावं लागतं!

"त्याच्यासाठी मला एक कुत्रं पाहिजे होतं," पल्लवी म्हणाली.

"एवढंच ना? आमचा शेऱ्या घेऊन जा! गाय हाय गाय! शेजारची मांजर त्याच्या ताटात जेवते."

पल्लवीचा चेहरा खुलला. ती काही बोलणार, एवढ्यात बायको चहा घेऊन आली. "दाजींच्या ब्रुनोला बी पाहायला चालली ना गं तू?"

बशीतला चहा माझ्या धोतरावर सांडला. पुन्हा वसंतराव!

"थांब," मी म्हणालो. "तुला कुत्री कसली लागतात, ते आधी सांग."

"दोन्ही. रागीट बी अन् शांत बी. पण मामा..."

बाजारात समोरचा 'पण' म्हणाला की घासाघीस सुरू झाली असं समजतात. तिला पुढे बोलू देईन तर मी आडत्या कसला? हिशोब सोपा होता. शांत कुत्री गल्लोगल्ली लोळत पडलेली असतात. मागणी असणार ती रागीट मालाला!

"मग ऐक. शेऱ्या लई रागीट हाय."

"आत्ताच तर गाय म्हणालात!"

"मारकी गाय!"

"पण मामा, मला..."

"रविवारी ये अन् डोळ्यानं पाहा. फाडून खातो का न्हाई ते!"

आता शेऱ्याला तयार करायचं होतं. मी त्याच्या तोंडातली भाकरी ओढून घेतली. त्यानं शेपटी हलवत उरलेला तुकडाही माझ्या पायाशी आणून ठेवला! मी दात दाखवले, तर त्यानं जांभई दिली. शेवटी अंगणात हातापायांवर ओणवा होऊन मी त्याला गुरगुरून दाखवत होतो, तेव्हा बायको दारात आली.

"अहो, काहून कुत्र्यावर भुंकून राहिले?"

"शिकवून राहिलो त्याला!"

"तो शिकला न्हाई. तुमाला मात्र बराबर जमून राहिलं."

रविवारी पल्लवी आली. सोबत वसंतराव आणि आमची मेहुणीही आली, गंमत पाहायला! शेऱ्यापुढे दूध-भाकरीचा काला ठेवला. तो खात असताना परक्या माणसानं भांड्याला हात लावायचा, अशी परीक्षा ठरली. परका माणूस म्हणून वसंतरावांचं नाव मीच सुचवलं. (त्यामागे संशोधनाची तळमळ होती, एवढंच म्हणतो.)

वसंतरावांनी भांडं उचललं. शेऱ्यानं मान वर केली, त्यांचं मनगट चाटलं आणि डोकं त्यांच्या मांडीवर ठेवून डोळे मिटले!

माझा कुत्रा! लहानपणापासून मी पोसलेला! माझ्या मांडीवर त्यानं कधी पंजासुद्धा ठेवला नव्हता!

"लई गुणाचं लेकरू हाय, साडूभाऊ," वसंतराव त्याच्या कानामागे खाजवत म्हणाले.

"भांडं ठेवा खाली!"

"ठेवतो की. जरा त्याचा लाड..."

"ठेवा म्हणतो ना!"

मी भांड्याला हात घातला. मी इकडे ओढलं, घाबरून त्यांनी तिकडे ओढलं, आणि सगळा काला त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर! मी गुरगुरलो नाही, असं माझं आजही म्हणणं आहे. पण मेहुणी किंचाळत ओट्यावर चढली, ही गोष्ट खरी. शेऱ्या तर बाजेखाली जाऊन थरथरत बसला.

"मामा," पल्लवी शांतपणे म्हणाली, "ताटाला हात लागला की अंगावर जाणं, आपलं माणूस दुसऱ्याकडं गेलेलं सहन न होणं... लक्षणं सगळी बराबर आहेत. फक्त कुत्र्यात न्हाईत."

"यांनाच घेऊन जा बाई," बायको म्हणाली. "गुंगी तेवढी जास्त दे."

"मग शेऱ्याचं काय?" मी सदरा झटकत विचारलं. सदरा वसंतरावांचा होता. त्यांनी दोन पावलं मागे घेतली.

"रागीट कुत्री आमच्याकडं भरपूर झाली, मामा. शांत एक कमी पडत होतं. गाय म्हणालात तेव्हाच मी शेऱ्याचं नाव धरलं होतं. तेच सांगत होते, तर तुमी बोलूच देईनात! मग काल ब्रुनोचं पक्कं करून टाकलं."

म्हणजे हिंगोलीच्या बाजारात ज्याला कोणी फसवू शकलं नाही, त्या माणसानं स्वतःचा सौदा मोडून वसंतरावांच्या पदरात टाकला होता!

तो फोटो आता त्यांच्या बैठकीत, गादीच्या बरोबर वर लावलाय. "आमच्या ब्रुनोचं सेरोटोनिन," असं ते आल्यागेल्याला सांगतात. मी एकदाच पाहिला. पिवळा रंग आमच्या हळदीइतका पक्का नाही, हे मी तिथंच सुनावलं.

हल्ली वसंतराव आमच्याकडे येणार असले, की बायको शेऱ्याची साखळी सोडते आणि मला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावते.