कॅसिनोच्या वादात नाहीसा झालेला दुकानदार

त्या प्रकरणाचा तपास मी पूर्ण केला, पण ते प्रकरण मला पूर्ण कळलं असं आजही म्हणवत नाही.

आखाती युद्ध सुरू होतं. मुंबई पोलिसांतून मला सौदीत, रियाधच्या आपल्या वकिलातीत सुरक्षेच्या कामावर पाठवलं होतं. क्षेपणास्त्राचा सायरन वाजला की गॅस मास्क चढवायचा, थांबला की पुन्हा फोनपाशी बसायचं. अशात पूर्वेकडच्या हुफूफ शहरातून फोनवर निनावी खबर आली.

"आमच्या गावचा दुकानदार बेपत्ता आहे. पुतण्यानेच काहीतरी केलंय. कॅसिनोवरून भांडण झालं होतं."

सौदीत आणि कॅसिनो? मी दोनदा विचारून खात्री केली.

हुफूफला गेल्यावर उलगडा झाला. दुकानदार रायगडच्या किनाऱ्यावरचा, साठीतला. गावाकडच्या त्याच्या वडिलोपार्जित जमिनीवर कॅसिनोचं हॉटेल काढायचं घाटत होतं. ग्रामपंचायतीने ठराव करून विरोध केला. वरून उत्तर आलं, किनाऱ्यावर काय उभं राहायचं ते राज्य सरकार ठरवेल. त्यावरून हुफूफमधल्या गावकऱ्यांतही तट पडले होते.

पुतण्या तिशीचा. युद्धामुळे कुवेतमधून नेसत्या कपड्यांनिशी चाचाकडे, म्हणजे या दुकानदाराकडे आलेला. मला तिथे अटकेचा अधिकार नव्हता. जबाब घेतो तसं समोर बसवलं, एवढंच.

"भांडलात कशावरून?"

"मी म्हटलं, चाचा, कॅसिनो येऊ दे, गावात नोकरी तरी मिळेल. ते म्हणाले, पंचायत नको म्हणते. मी म्हटलं, सरकार हो म्हणतंय. त्यांनी हात उचलला, साहेब. मी नाही."

तो घामाघूम झाला होता. गुन्हेगारही असाच दिसतो आणि घाबरलेला निरपराधही. मला काही ठरवता येईना. त्यात वेळ नव्हता. चाचाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, ज्याच्या हमीवर होता, त्या कफीलने पळून गेल्याची तक्रार दिली असती, तर म्हातारा सापडताच तुरुंगात गेला असता.

मी दुकान तपासलं. फ्रीज रिकामा, पुसलेला, दार उघडं ठेवलेलं. शेजारचा बेकरीवाला म्हणाला, "पाव टाकू नकोस, असं त्यानेच आदल्या दिवशी सांगितलं." म्हणजे माणूस स्वतःहून गेला होता.

"मोठं काही ठरवायचं असलं की चाचा कुणाकडे जातात?" मी पुतण्याला विचारलं.

"फुफीकडे, त्यांच्या बहिणीकडे. तिकडे दक्षिणेत, खमीस मुशैतला असते. पण तिला यातलं काय कळतं?"

"जमिनीत तिचा हिस्सा आहे?"

तो म्हणाला, "आहे."

खमीस मुशैतला बहिणीच्या घरी म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून उठला नाही.

"साहेब, हिच्याकडून नकार घ्यायला आलो होतो. तो घेऊन परतलो असतो, तर लोकांना तोंड दाखवता आलं असतं. ही हो म्हणते!"

बहीण दारात उभी होती. "पंचायतीने मला विचारलं नाही, सरकारने विचारलं नाही. भावाने विचारलं, तेही नकार पाहिजे म्हणून. माझे मुलगे परदेशात राबतायत. ते गावी परत यायला हवेत."

"जुगार चालेल तुला? हराम आहे!" म्हातारा ओरडला.

"नाही चालणार," ती म्हणाली आणि रडू लागली. "तरी हो."

मी कफीलची समजूत काढली. चाचा पळून गेले नव्हते, याची हमी पुतण्याने ठामपणे दिली, म्हणून ते जमलं. परतीच्या वाटेवर म्हातारा म्हणाला, "तुम्ही सरकारी माणूस. सांगा, गावात काय यावं हे कुणी ठरवायचं?"

"कायद्याने राज्य सरकारने."

"मग पंचायत कशाला निवडून देतो आम्ही?"



पुढे तो कॅसिनो आलाच नाही. वरच्यांचं मन का बदललं, ते गावाला कोणी सांगितलं नाही. पंचायतीने तो आपला विजय मानला. बहिणीचे मुलगे मात्र आखातातच राहिले.

तोवर मी तपासाची सुरुवात भांडण कुणाकुणात झालं इथून करायचो. त्यानंतर मी आधी विचारू लागलो, या भांडणात कुणाला विचारलंच गेलं नाही? पुष्कळदा बेपत्ता माणूस त्याच्याकडेच सापडला. पण कुणाचं बरोबर होतं, पंचायतीचं, सरकारचं, की रडत हो म्हणणाऱ्या त्या बाईचं, हे मला अजून सांगता येत नाही.