मॅकेच्या तलावावरची नोरीन

ऑस्ट्रेलियातल्या मॅके गावातल्या निम्म्या पोरांची पाण्याची भीती मोडली ती नोरीन टिंडलने. रणरणत्या उन्हात, उघड्या खांद्यांनी, तोंडात शिट्टी धरून पोरांना पोहायला शिकवण्यात तिचा सारा जन्म पोहण्याच्या तलावाच्या काठावर गेला. मग पाठीवरचा एक तीळ काळवंडून पसरला. तो कर्करोग निघाला; कापून काढला, पण काही वर्षांनी त्याच कर्करोगाने फुप्फुसात आणि यकृतात बस्तान मांडलं.

"तुमच्या रक्तातले शिपाई, म्हणजे पांढऱ्या पेशी, या गाठींना मारू शकतात," डॉक्टर पेट्राकिस म्हणाल्या, "पण गाठींनी त्यांना लगाम घातलाय. हे औषध तो लगाम सोडवतं. मात्र मोकळे सुटलेले शिपाई कधी घरच्यांवर, धडधाकट अवयवांवरही धावून जातात. जुलाब, धाप, पुरळ, काहीही झालं तरी लगेच फोन करायचा."

नोरीनने मान डोलावली. सलाईनमधून औषध सुरू झालं. पुढच्या तपासणीत गाठी आकसलेल्या दिसल्या आणि तिला हुरूप आला.

तेवढ्यात जुलाब लागले. तिने अवाक्षर काढलं नाही. कळलं तर औषध बंद करतील, या धास्तीने कोरा पाव आणि काळ्या चहावर ती दिवस ढकलत राहिली. नवऱ्याने, क्लाइव्हने, विचारलं की म्हणायची, "कोळंबी बाधली." शेवटी न्हाणीघरात कोसळली.

"कोळंबी बाधायला आधी ती खावी लागते गं," रुग्णवाहिकेत क्लाइव्ह एवढंच बोलला.

आतडं सुजून फाटायच्या बेतात होतं. स्टिरॉइडने आग शमली, पण औषध कायमचं थांबलं. नोरीन भिंतीकडे तोंड करून पडली.

"आता माझ्या बाजूने लढणार कोण?"

"शिपाई तुमचेच आहेत, औषधाचे नव्हेत," डॉक्टर म्हणाल्या. "शत्रूची ओळख पटली की पुष्कळदा ते विसरत नाहीत. हमी देत नाही मी. पण पुन्हा काही लपवलंत, तर तलावावर येऊन पोरांदेखत रागवेन."

त्यानंतर साधी खाज सुटली तरी नोरीन फोन करू लागली. औषधाविना गाठी विरत गेल्या. यकृतातली एक तेवढी उरली, पण वाढली नाही.

हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. तरी लांब बाह्यांचा पोशाख घालून, कठडा धरून ती पाण्यात उतरली. पोहताना अर्ध्या तलावातच दम लागला.

"आणखी महिनाभर थांबली असतीस," क्लाइव्ह काठावरून म्हणाला.

"थांबून झालं," ती म्हणाली आणि उरलेलं अंतर तोडू लागली.