नवा गुडघा चावतो म्हणे

आमच्या ह्यांच्यापुढे कपाळ आपटलं तर टेंगूळ आपल्यालाच येतं. सगळा जन्म चपला-बुटांच्या दुकानात नोकरी करण्यात गेला. गिऱ्हाईक खुर्चीत आणि हे समोर बसक्या स्टुलावर, त्याचा पाय मांडीवर घेऊन. अंगठ्यापाशी दाबून बघितल्याशिवाय कुणाला बूट विकायचे नाहीत. त्यातच उजवा गुडघा झिजला, आणि तो बदलायचं ठरलं.

डॉक्टरांनी नमुने टेबलावर ठेवले. हाडांच्या टोकांवर बसवायचे धातूचे भाग, मधे प्लॅस्टिकची चकती. ह्यांनी एकेक उलटसुलट करून पाहिला. "जास्त वाकणारा कुठला?"

"हा. ह्याच्या चकतीला खुंटी आहे, त्यामुळे वाकताना मांडीचं हाड नीट मागे सरकतं. पण काका, फरक थोडाच. सांधा वाकू देईल, वाकवायचं काम तुमचं."

ह्यांनी 'हा' तेवढं ऐकलं.

ऑपरेशन छान झालं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. व्यायाम शिकवायला बाई यायची, तर हे पाय ताठ करून पेपर वाचत बसायचे. मी टाच धरायला गेले की, "हात लावू नकोस. नवा जोडा आधी चावतोच. वापरून वापरून आपोआप सैल होतो."

अहो, ते कातडं आहे का? धातू कधी सैल होतो?

"तुला ह्यातलं काय कळतंय?"

डॉक्टरांनीही बजावलं, "सांधा उत्तम आहे, भोवतीचं सगळं आखडत चाललंय. आत्ता वाकवला नाहीत तर तसाच राहील." पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी तसाच पाय घेऊन हे कामावर गेले. दुपारी मी डबा द्यायला गेले, तर खुर्चीत एक म्हातारी, आणि हे स्टुलावर टेकायला बघताहेत. कंबर खाली जाते, पाय पुढे ताठच. दोनदा प्रयत्न केला. म्हातारी म्हणाली, "राहू दे बाबा, मी घालते," आणि धापा टाकत स्वतःच वाकली. मालकाने ह्यांना दाराशी उभं केलं, लोकांना या, बसा म्हणायला.

संध्याकाळी घरी आले ते थेट आत गेले. पलंगावर बसले, पँट वर केली आणि म्हणाले, "वाकव."

उशीर तर झालाच होता. मी टाच धरून मागे ढकलली. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, थांबू का? मानेनेच नाही म्हणाले. इतका राग होता मला ह्या माणसाचा, पण त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि हळूहळू पुन्हा वाकवायला लागले.