माझ्या नातीचे वाळे कोणी नेले?

आज सराफाकडून हाती आलं ते एक रिकामी डबी आणि एक कॅलेंडर. त्यासाठी साडेतीन हजार मोजलेत, तेही महिन्याआधी.

मैत्रिणींनो, उद्या दुपारी नातीचं बारसं. तिचे चांदीचे वाळे मागितले तर सराफ म्हणतो, "मावशी, वहीत नुसतं 'कुरुंदवाडची आजी' लिवलंय. काल एक आजी आली, घेऊन गेली की!"

"पावती न बघता दिलेस?"

"वरडू नका. वाळ्याबिगर पोरगी मरत न्हाय."

बारशाच्या आदल्या दिवशी असं बोलला! मी स्टूल उचलून काचेवर घातलं. त्यानं दंड पिरगाळला, मी थोबाडीत दिली. देवी क्षमा करो, अजून एक द्यायची राहिली.

वाळे नेलेल्या आजीबाई, बाळाच्या पायात घातले असतील तर काढू नका. पण लगेच इथं ग्रुपवर कळवा, म्हणजे मी पहाटेच्या एसटीनं चांदीच्या हुपरीहून दुसरे आणते.