कासाची गाठ

इंदूरला, स्नेहलतागंजमधल्या आमच्या घरी फाटकाशी कासाचं एक बेट होतं. आईनं ते शहराबाहेरच्या नाल्याकाठून मुळासकट आणून लावलं. शेजारच्या काकूंकडे गुलाब, आणि आमच्याकडे गवत! "भाभीजी, ये तो जंगल में उगता है," असं म्हणून त्या हसायच्या. भाद्रपदात पांढरेशुभ्र तुरे आले की मात्र त्याच काकू आमच्या फाटकात फोटो काढायला हजर.

माघात कास वाळलं की आई जुन्या साडीची पट्टी फाडून अख्खं बेट मधोमध आवळून बांधायची. मग बाबा खाली वाकून विळ्यानं कापायचे. बांधल्यामुळे पाती अंगणभर सांडत नसत.

त्या वर्षी तिनं बांधलं आणि कापायच्या आधीच ती गेली. चैत्र उलटला तरी वाळकी जुडी तशीच उभी. मला वाटलं, बाबा विसरले. एका सकाळी ते फिरायला गेलेले बघून मी कुदळीनं बेट उपटून काढलं. मी पडलो अस्सल इंदुरी! कचऱ्याची गाडी येताच पट्टी सोडवून सुक्या कचऱ्यात टाकली, गवत ओल्यात. काम चोख झालं म्हणून खूश होतो.

बाबा आले आणि खड्ड्याशी थांबले.

"गाठ कुठंय?"

"कोणती गाठ?"

"तिच्या हातची शेवटची होती, बेटा. म्हणून तर कापलं नव्हतं मी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली, अजून वाटते.

थोडी मुळं जमिनीत राहिली होती. पावसात ती फुटली, भाद्रपदात चार तुरेही आले. माघात बाबांनी आईची एक साडी कपाटातून काढली, स्वतः पट्टी फाडली आणि माझ्या हातात दिली. मी बांधली, ओढताच सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. आई कशी बांधते, हे इतक्या वर्षांत मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला आठवतं का, बाबा?"

"मी तर विळा घेऊन खालीच वाकलेला असायचो."

त्यांनी पट्टीची घडी करून खिशात ठेवली. "रहने दे, उद्या बघू," म्हणाले आणि विळा परत आत नेऊन ठेवला.