वहिनींचा टांझानियाचा बेत

कराडला आमच्या शेजारी एक वहिनी राहत. त्यांचा धाकटा भाऊ टांझानियात इंजिनियर होता. त्यानं बहीण-मेहुण्यांना तिकडची जनावरं बघायला बोलावलं, तेव्हापासून धुणं वाळत घालतानाही वहिनी प्रवासाचाच बेत करत. "भावजी, तिकडं म्हणं जिराफच गाडी आडवतंय, बघा की!" आणि लगेच, "भाकरीचं पीठ हितनंच न्यावं का?"

अडचण होती ती त्यांच्या यजमानांची. हे सुभेदार फौजेतून परतले, तेव्हापासून त्यांना गाव सोडायचा कंटाळा. "सिंह बघाय येवढ्या लांब कशाला?" म्हणत ते पेपरात तोंड घालत. वहिनी पदर खोचून पुन्हा चुलीकडं वळत. मला ते बघवत नसे.

मग वहिनी मुंबईला नणंदेकडं जाऊन आल्या. मी सुभेदारांशी बोलत ओसरीवरच बसलो होतो. वहिनींनी पिशवी खाली ठेवली, पोलक्याची बाही वर सारली आणि दंड नवऱ्यापुढं धरला.

"पिवळ्या तापाची लस टोचून आले. त्याबिगर तिकडं जाऊ देत न्हाईत. आवं, तुमी निम्मा देश पालथा घातला, मी चुलीबिगर काय बघितलं? मी जानार. यायचं का न्हाई, ते तुमचं तुमी ठरवा."

सुभेदारांनी त्या दंडाकडं बघितलं. मग पेपराची घडी घालत हळूच म्हणाले, "लय दुखतंय का?"

वहिनी खळखळून हसल्या. त्यांना इतकं मोठ्यानं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. दिवाळीनंतर दोघं निघाली. स्टँडवर एस.टी. लागली, तेव्हा गर्दीतनं वाट काढत वहिनी आधी चढल्या, आणि ट्रंक सांभाळत मागनं सुभेदार.