सर्चच्या यादीतली बेबीनंदा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई आहे. या पानावरचे अनुभवसुद्धा मी दुपारच्या चहाबरोबर करमणूक म्हणून वाचते आणि मनातल्या मनात लिहिणाऱ्याची उलटतपासणी घेते — 'तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला वाटलं?' धंदाच तसा आहे. अमरावतीच्या एका लॉ कॉलेजात मी पुरावा कायदा शिकवते. सासूबाई माझ्या स्कूटीला लिंबू-मिरची बांधतात आणि मी कोपऱ्यावर पोचले की ती काढून टाकते, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यामुळे आज हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. हसायचं असेल तर हसा, मीही हसले असते.

माझा पीएचडीचा विषय आहे जळून मेलेल्या बायकांच्या मृत्यूपूर्व जबान्या. पेपरात काय छापून आलं आणि पुढे कोर्टात त्या जबानीचं काय झालं, हे ताडून बघायचं. त्यासाठी कॉलेजने एक ऑनलाइन डेटाबेस घेतलाय — जुन्या बातम्या आणि कोर्टांचे निकाल एकाच ठिकाणी. तो फक्त लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर चालतो. कूलरजवळचा कोपऱ्यातला कॉम्प्युटर माझा. सर्चच्या चौकटीत क्लिक केलं की आपण आधी शोधलेले शब्द खाली यादीने दिसतात. माझे सगळे इंग्रजीत असायचे. डाइंग डिक्लरेशन, बर्न इंज्युरी, अॅक्विटल... दिवसभर हेच. घरी जाऊन स्वयंपाकाला गॅस पेटवताना हात आखडायचा.

एका दुपारी त्या यादीत सगळ्यात वर एक शब्द दिसला. मराठीत, देवनागरीत — 'बेबीनंदा'. पुढे लिहिलेलं, शून्य निकाल.

कुणातरी पोरीने माझ्या लॉगिनवर बसून उद्योग केला असणार, असं समजून मी लायब्ररियन सोनटक्के सरांना दोन शब्द सुनावले. त्यांनी पासवर्ड बदलून दिला. दोन दिवसांनी नाव पुन्हा वर. मग त्यांनी कॉम्प्युटरच तपासला, तर त्यात मराठी टायपिंगची सोयच नव्हती. शेवटी त्यांनी डेटाबेसवाल्यांना विचारलं. उत्तर आलं की हा शोध त्याच लॉगिनवरून, त्याच मशीनवरून आणि मॅडम स्वतः काम करत असतानाच झालेला आहे.

"मॅडम, तुमीच केला असन," सोनटक्के सर जपून म्हणाले. "काम लय होऊन राहिलं ना तुमाले."

मला रागच आला. मग मी पाळत ठेवायला लागले, वर्गात कॉपी करणाऱ्या मुलांवर ठेवते तशी. डोळ्यांदेखत काही घडत नव्हतं. पण एखादा निकाल वाचून मी परत सर्चवर आले की कधीकधी ते नाव वर येऊन बसलेलं असायचं. आणि मग एक गोष्ट लक्षात आली, ती आली नसती तर बरं झालं असतं. ते नाव प्रत्येक निकालानंतर येत नव्हतं. अकोल्याच्या एका बाईच्या मृत्यूचा निकाल होता, तो उघडला की यायचं. मी मुद्दाम पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

निकाल जुना होता. मृत बाईचं नाव अर्चना, माहेर अकोला, सासर चांदूर रेल्वेकडचं. दवाखान्यात तिची जबानी घेतली होती. त्यात तिने स्पष्ट सांगितलं होतं की नवऱ्याने रॉकेल ओतलं आणि सासूने दार लावून घेतलं. तरी सगळे सुटले. कारण जबानीच्या सुरुवातीला नाव विचारलं, तेव्हा तिने भलतंच नाव सांगितलं. जिला स्वतःचं नाव धड सांगता येत नाही तिची मनःस्थिती जबानी देण्याजोगी होती असं कसं मानायचं, हा बचावाचा मुद्दा कोर्टाने मान्य केला. भावाची साक्ष झाली होती. बहिणीचं नाव काय, एवढंच त्याला विचारलं आणि त्याने शपथेवर सांगितलं, 'अर्चना.' तिने कुठलं नाव सांगितलं होतं ते मात्र निकालात कुठेच नव्हतं.

मी स्वतः या प्रकरणावर 'मनःस्थिती संशयास्पद' असा शेरा मारून पुढे गेले होते. मी! माझ्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं होतं आणि नंतर कितीतरी दिवस सासूबाई त्या नावाने हाका मारायच्या आणि मी ओ द्यायची नाही, कारण मला कळायचंच नाही की ती मी आहे. तरीही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. तो त्या दिवशी पडला — भलतं नाव नव्हतंच ते, माहेरचं असणार.

प्रबंधासाठी काही घरच्यांच्या मुलाखती घ्यायच्याच होत्या. अकोल्याच्या एका वकील मैत्रिणीने तिचं माहेर शोधून दिलं. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, एका अरुंद गल्लीत. घरात एकटी आई होती. मुलगा नोकरीला नागपुरात. मावशी — मी त्यांना मावशीच म्हटलं — खाली बसून मांडीवर कापसाच्या वाती वळत होत्या. मुलीचं नाव काढताच त्यांचा चेहरा दगड झाला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. जबानी घेताना घरच्या सगळ्यांना बाहेर काढलं होतं. नंतर सासरकडून कळलं की तिने स्टोव्हचा भडका झाला असं सांगितलं. त्या कोर्टात कधी गेल्या नाहीत, मुलालाही साक्षीपुरतंच आत बोलावलेलं; केस हरली तेव्हा तर खात्रीच पटली. मरतामरता पोरगी नवऱ्यासाठी खोटं बोलली, आईबापाला तोंडघशी पाडून गेली. भिंतीवर मावशींच्या मालकांचा फोटो होता, तिचा नव्हता. पित्रांच्या पानावरसुद्धा तिचं नाव घेत नाही म्हणाल्या.

मी विचारलं, "मावशी, तिचं माहेरचं नाव काय होतं?"

"बेबीनंदा," त्या म्हणाल्या.

मी खरं ते सांगितलं. ती खोटं बोलली नव्हती. तिने नवऱ्याचं नाव घेतलं होतं, सासूचं घेतलं होतं, सगळं सांगितलं होतं. फक्त स्वतःचं नाव बेबीनंदा सांगितलं आणि कागदोपत्री ती अर्चना होती, म्हणून कोर्टाने मानलं नाही. मला वाटलं होतं, या बाईच्या छातीवरचा धोंडा मी उतरवते आहे. त्या रडल्याही. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. मग एकदम थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या आधी मलाच कळलं असतं तर मी उठून गेले असते.

"सकाळपासून म्याच बसली होती तिच्या उशाशी," त्या म्हणाल्या. "डोये मिटून मिटून घे. म्या म्हनलं, त्या घरचं नाव टाकून दे आता, बाई. त्या नावाले ओ देऊ नको. तू माही बेबीनंदा हायेस. मले वाटलं माहेरच्या नावानं बलावलं तं फिरल मांगं. तिच्याकडून वदवून घेतलं म्या, सांग तुहं नाव काय... सांग तुहं नाव काय... मंग ते सायब आले अन् आमाले बाहेर काढलं."

तसं नाही मावशी, कायद्याची चूक आहे, वकिलाची चूक आहे, भावाला आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता — सगळं बोलले. सगळं खरंही आहे. त्या वाती वळायला लागल्या आणि एकही वात नीट वळेना.

निघताना त्यांनी विचारलं की हे नाव तुमाले कोनं सांगतलं. खोटं सुचलं नाही, म्हणून मी कॉम्प्युटरचं सांगितलं. त्यांना जराही नवल वाटलं नाही. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तथी ते नाव लिहून येते ना? मंग माहं एक लिहून द्या तिले. म्हना, बेबे, मायचं चुकलं."

मी परत आले आणि लायब्ररीत, भर दुपारी, आजूबाजूला पोरं अभ्यास करत असताना, मोबाइलवर मराठीत टाइप करून तेवढं वाक्य त्या चौकटीत नेऊन टाकलं. पुरावा कायद्याच्या बाईने! शून्य निकाल, असं उत्तर आलं. दुसरं काय येणार होतं?

त्या दिवसापासून 'बेबीनंदा' पुन्हा कधी आलं नाही. तो निकाल मी कितीदा उघडला. नाही म्हणजे नाही.

पण मावशींचे फोन यायला लागले. शेजारणीकडून लावून घ्यायच्या. एकच प्रश्न, "आलं काय काई?" मी नाही म्हणायची. त्या 'बरं' म्हणून ठेवून द्यायच्या. एकदा शेजारणीनेच परस्पर फोन केला, म्हणाली मावशी जेवत नाहीत, दिवसभर पोरीच्या नावानं पुटपुटत बसतात, तुमी काय सांगून गेल्या? मी तिथे प्रबंधाची एक मुलाखत आणायला गेले होते आणि येताना त्या बाईचा राग काढून घेऊन त्याजागी हे ठेवून आले होते. रागावर त्या इतकी वर्षं जगल्या तरी होत्या.

पुढच्या वेळी फोन आला तेव्हा मी खोटं बोलले. संशोधनात एक शब्द पदरचा घालायचा नाही, हे मी मुलांना घसा फोडून सांगते. म्हटलं, "हो मावशी, आलं."

मग त्यांनी विचारलं, "काय आलं?"

काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "माय. एवढंच आलं, माय."

"अशीच हाक मारे ते," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या रात्री त्या जेवल्या, असं शेजारणीने कळवलं.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेले, लॉगिन केलं आणि सवयीने सर्चवर क्लिक केलं. यादीत सगळ्यात वर एक शब्द होता, मराठीत.

माय. शून्य निकाल.

मी सोनटक्के सरांना बोलावलं नाही. डेटाबेसवाल्यांना विचारलं नाही, कारण ते काय सांगतील ते मला माहीत आहे. तुमच्यापैकी कुणाला याचा उलगडा करता आला तर करा, माझ्याकडे नाही. मावशींचा फोन आता येत नाही. मुलीचा फोटो त्यांनी भिंतीवर लावलाय म्हणे. मी त्यांना फोन करायला कितीदा मोबाइल हातात घेते आणि ठेवते. सांगू काय? की आता खरंच आलं? त्यांच्या लेखी ते माझ्या त्या फोनवर आधीच आलं होतं.